तिसरा सिलेंडर आणि मागची सीट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तंजावूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये बावीस वर्षं इंजिन शिकवतोय. तेव्हा खालचं वाचून कुणी 'बाधा' वगैरे लिहिणार असेल तर कृपया लिहू नका... त्या शब्दाने माझं डोकं फिरतं. घरात आमची तंजावूरची मराठी बोलतो, पण देवनागरी चाळिशीनंतर शिकलोय, चुका सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण, अक्का, जवळच्या पापनाशम गावात एकटी राहते. नवरा जाऊन तीस वर्षं झाली. किडन्या बिघडल्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिला तंजावूरला आणावं लागतं. बसचे धक्के सोसेनात, म्हणून मी एक सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली.

पहिल्याच फेरीला अक्का मागे बसली, दार लावलं, आणि इंजिन मिसिंग मारायला लागलं. सगळी गाडी थरथरत होती. तिला हॉस्पिटलात सोडून एकटा निघालो तर गाडी ठणठणीत! स्कॅनर लावला — तिसऱ्या सिलेंडरचा मिसफायर, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. प्लग बदलला. ठिणगी देणारी तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावली. कॉइल खराब असती तर दोष पहिल्यावर जायला हवा होता. गेला नाही. इंजेक्टर नवा घातला, कॉम्प्रेशन तपासलं, उत्तम. अक्का बसली की पुन्हा तिसराच.

मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप असतो. वजनाने तिथली वायर दबत असेल, म्हणून तिच्या वजनाइतका तांदूळ पोत्यांत भरून ठेवला — काही नाही. बायकोला बसवलं — काही नाही. तरी सगळी वायरिंग बदलली. अक्का बसली — मिसिंग.

आमचा मेकॅनिक सेल्वम शेवटी तिच्यासमोरच म्हणाला, "सार, गाडीची पूजा परत करून घ्या. आणि या अम्मांना जरा लांब ठेवा." मी त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. पण अक्काने ऐकायचं ते ऐकलं होतं.

पुढच्या वेळी गेलो तर ती तयारच झाली नव्हती.

"मज नक्को, शिवा. नवरा गेल्यापासून लोक मज अपशकुनी म्हणतात, ते खरंच असेल. माझ्यामुळं तुझी गाडी नको बिघडायला."

ती फेरी चुकली. पाय सुजले, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फोनवर मला झापलं. आणखी एक चुकली तर आपल्या हातात काही राहणार नाही म्हणाले. तीन दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मग मात्र माझा तोल सुटला. सेल्वमचा राग, त्या लोकांचा राग, त्या डबड्याचा राग... अक्काचं मनगट धरून तिला ओढतच बाहेर आणलं आणि पुढचं दार उघडलं.

"इथं बस. माझ्याशेजारी. बंद पडली तर दोघं चालत जाऊ."

किल्ली फिरवली. इंजिन एकदाही चुकलं नाही. तंजावूरपर्यंत मी स्टिअरिंग आवळून वाट बघत होतो... काही नाही.

याला सात महिने झाले. ती पुढे बसते, गाडी नीट चालते. खात्रीसाठी तिला तीनदा मागे बसवून पाहिलं. तिन्ही वेळा तिसरा सिलेंडर. एक सीट पुढे सरकल्याने इंजिनात काय बदलतं? मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचीच चीड येते.

गेल्या आठवड्यात वाटेत तिने सहज विचारलं, "गाडी माझ्या दारात आणलास त्या दिवशी, पूजेच्या वेळी, मज आत थांब म्हणालास कशाला?"

म्हणालो होतो. चाकांखाली लिंबं ठेवून, कापूर पेटवायच्या आधी. कुणी सांगितलं नव्हतं, मीच हळूच म्हणालो होतो, आणि ती निमूट आत गेली होती. सेल्वमवर ओरडताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

तिसऱ्या सिलेंडरचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं.