आईनं दार उघडलं तेव्हा

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं माझ्या घरी टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळतो. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि अडेल तिथे फासे टाकायचे. परवा भीतीची गोष्ट रचायची पाळी माझी होती. आठवडाभर मी भुतं लिहिली आणि खोडली, कारण मलाच त्यांची भीती वाटेना. शेवटी ज्याची खरंच वाटते, तेच लिहिलं.

खेळात आमच्यातला समीर खूप वर्षांनी घरी परतणारा मुलगा झाला. दार त्याच्या आईनं उघडलं. तिचं बोलणं मीच बोलायचं होतं.

"कोण हवंय आपल्याला?"

फासे धरलेला समीरचा हात थांबला. "आई, मी आहे गं."

"माफ करा, मी ओळखलं नाही."

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी माझी आई मला हेच म्हणाली होती, इतक्याच अदबीनं. आपलं माणूस आपल्याला अहो-जाहो करायला लागलं, की कुठे उभं राहावं तेच कळत नाही. मी संध्याकाळच्या गाडीचं निमित्त करून निघून आले होते.

समीरनं फासे खाली ठेवले. "मग मी पायरीवर बसतो," तो म्हणाला. "तिला आठवेपर्यंत."

पुढचं लिहिलेलं मी वाचलंच नाही.

"आई बाहेर येते," मी म्हटलं, "आणि तुझ्या शेजारी बसते. कोण आहेस, ते विचारत नाही."

माझ्या आईच्या घराच्या पायरीवरही तेव्हा दोघींपुरती जागा होती.