चैत्रालीचं लहानपण, बंगालीतून

श्यामरावांनी सुनेबद्दलचा निकाल लग्नाच्या पहिल्याच वर्षी देऊन टाकला होता: चैत्राली मनाने चांगली, पण धांदरट. रेल्वेच्या नोकरीत त्यांची पस्तीस वर्षं हावड्याला गेलेली. वेळापत्रक न पाळणारा माणूस त्यांना कळायचाच नाही. निवृत्तीनंतर ते कोलकात्यात सॉल्ट लेकला मुलाकडे, अनिकेतकडे राहायला आले.

एकोणचाळीस वर्षांची चैत्राली जवळच्याच सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत दहा जणांची टीम सांभाळायची. बाकीचे एकदा बघत ते ती तीनदा तपासायची, पहाटे उठून आदल्या दिवसाचं राहिलेलं उरकायची, म्हणून तिथे कुणाला काही जाणवलं नव्हतं. यंदा मात्र ती पार थकली. ऑफिसच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, हा एडीएचडी असू शकेल. लक्ष एका जागी ठरत नाही, ते मोठेपणीही होतं, आणि तो काही आळस नव्हे. एकदा तपासून घ्या.

अनिकेतने खासगी रुग्णालयात वेळ घेतली. गार खोली, गोड बोलणं, एक छापील प्रश्नावली, आणि वीस मिनिटांत हातात गोळ्यांची चिठ्ठी. चैत्रालीने गोळ्या आणल्याच नाहीत. डॉक्टर चुकले असं तिचं म्हणणं नव्हतं. आपल्याला कुणीतरी नीट बघून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी सरकारी रुग्णालयात जायचं तिने ठरवलं. तिथे महिनोन् महिने जातील, अनिकेतने समजावलं. "जाऊ देत," ती म्हणाली.

अर्ध्या दिवसाच्या रजा टाकत ती मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊ लागली. तिसऱ्या खेपेला आभा सेन या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, हे लहानपणापासून असावं लागतं, तेव्हा तुमचं लहानपण पाहिलेल्या माणसाशी मला बोलायचंय. चैत्रालीची आई शैलाताई मिरजेला, आणि त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. स्वतःबद्दलची साक्ष चैत्रालीनेच भाषांतर करून सांगणं बरं नव्हतं, आणि अनिकेत दौऱ्यावर होता.

"मी येतो," श्यामराव म्हणाले.

बाकावर अडीच तास गेल्यावर नंबर लागला. फोन स्पीकरवर होता. शैलाताई सांगत होत्या आणि श्यामराव आपल्या हावड्याच्या बंगालीत ते डॉक्टरांना सांगत होते. पोर दप्तर शाळेत विसरून यायची, गणित सोडवता सोडवता अर्ध्यात उठायची.

"एकदा मी तिला ओढणीने खुर्चीला बांधून बसवलं," शैलाताई म्हणाल्या. "रडली नाही. म्हणाली, आई, मी प्रयत्न करतेय गं, पण तो कसा करायचा ते तू सांग."

आपण या मुलीला बारा वर्षं काय काय बोललो, ते श्यामरावांना आठवत होतं. शेजारी चैत्राली मान खाली घालून बसली होती. मग श्यामरावांनी ते वाक्य डॉक्टरांना सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितलं.

पुढच्या खेपेला निदान पक्कं झालं. एवढ्या गर्दीत दर आठवड्याचं समुपदेशन इथे जमणार नाही, झेपत असेल तर त्यासाठी खासगीत जा, हे डॉक्टर आभांनीच सांगून टाकलं. चैत्राली दोन्हीकडे जाऊ लागली: औषधाला सरकारी रुग्णालयात, शनिवारी घराजवळच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे. मग एवढी रांग लावून मिळवलंस काय, असं अनिकेतने विचारलं.

"आता मी कुणाकडे कशाला जातेय, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

पहिल्या औषधाने तिची भूकच गेली, मात्रा कमी करावी लागली. विसरणं काही पुरतं थांबलं नाही. पण पहाटेचं उठणं सुटलं.

टीममधल्या सुश्रुतलाही स्वतःबद्दल तीच शंका होती. तिने त्याला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. त्याने सरकारी निवडली, तेव्हा पहिल्या दिवशी ती रजा टाकून त्याच्याबरोबर रांगेत उभी राहिली. श्यामरावांनी मिरजेला फोन लावून शैलाताईंना हे आवर्जून सांगितलं.