ऑलिव्हच्या मागची खाच

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचे. मुलं त्यांना 'टाचणी' म्हणत. फॉर्मालिनमधला मेंदू ट्रेमध्ये उलटा ठेवायचा, त्याच्या देठात टाचणी खुपसायची आणि समोरच्याला विचारायचं, "काय आहे?" उत्तर चुकलं की "बाहेर!" घरीही तीच तऱ्हा. भाजीत मीठ कमी पडलं की ताईला "बाहेर!", आणि ती खरंच गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला हा माणूस कधीच आवडला नाही. आजारी पडला म्हणून आवडायला लागला, असंही नाही.

झटका आला तोही त्यांच्या लाडक्या जागी, मेंदूच्या देठाच्या अगदी खालच्या टोकाला. आवाज घोगरा झाला, घोट उतरेना, नाकात नळी आली. हातपाय मात्र धडधाकट, त्यामुळे तोरा तसाच.

ताई आणि मी इस्पितळात त्यांच्या उशाशी होतो. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई भाऊजींच्याच जुन्या विद्यार्थिनी, टाचणी न ओळखल्यामुळे हाकललेल्यांपैकी एक. त्यांना बघून भाऊजींचं डोकंच फिरलं. आरसा मागवला आणि जीभ बाहेर काढली.

"सरळ आहे. हातपाय चालतायत. काढ ही नळी."

"सर, ते सगळं देठाच्या पुढच्या बाजूचं झालं," बाई म्हणाल्या. "समोरचे दोन उभे उंचवटे, पिरॅमिड, त्यांच्यावर हातपाय चालतात. शेजारी ऑलिव्हचा फुगवटा. त्या दोघांमधल्या खाचेतून जिभेची नस निघते. आणि ऑलिव्हच्या मागच्या खाचेतून?"

भाऊजींनी आरसा पालथा ठेवला. येत नव्हतं असं थोडंच आहे! त्याच खाचेत टाचणी खुपसून त्यांनी जन्मभर मुलं रडवली होती. मला मनापासून बरं वाटलं.

"घशाच्या नसा," शेवटी बाईंनीच सांगितलं. "त्यांचं मूळच दुखावलंय. पाणी प्यायलात तर ते फुप्फुसात जाईल, आणि कदाचित खोकलाही येणार नाही. काकू, एक घोटसुद्धा द्यायचा नाही. जिवावर बेतेल."

बाईंची पाठ वळायचा अवकाश, भाऊजी ताईवर खेकसले, "पाणी दे."

ताई उठली. या माणसाचा शब्द तिने आजवर खाली पडू दिला नव्हता.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पेला काठोकाठ भरला, भाऊजींच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकला.

"मी सांगतोय ना!" ते ओरडायला गेले. आवाज फुटला नाही.

"एक घोट दिला की सुटाल तुम्ही," ताई म्हणाली. "इतक्या स्वस्तात नाही सुटायचं. माझं सगळं ऐकायचंय तुम्हाला."

मग तिने खुर्ची पुढे ओढली, त्यांच्यासमोर बसली आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.