बॉयलरवरचे पुंडलिकमाम

माझ्या शिक्षणाचं श्रेय आईवडिलांचं आहे, पण त्या शिक्षणाचा अर्थ मला ज्यांनी समजावला त्यांचं नाव पुंडलिकमाम. गोव्यात तुये औद्योगिक वसाहतीतल्या एका काजू कारखान्यात ते बॉयलर चालवत. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी हेच नाव घेतो. विचारणारा बहुतेक वेळा एखाद्या प्राध्यापकाच्या नावाची वाट बघत असतो.

त्यांची एक सवय होती. सकाळी हजेरीचं यंत्र गाठण्याआधी ते फाटकात थांबत, कपाळावर हात आडवा धरत आणि मिनिटभर चिमणीच्या टोकाकडे बघत. देवळाच्या कळसाकडे बघावं तसं. मग आत येऊन रात्रपाळीच्या माणसाला सांगत, "पाचाक झोपलंस मरे तू." त्याने कितीही नाही म्हटलं तरी ते खरं असे. धुराच्या रंगावरून त्यांना भट्टीही कळे आणि भट्टीपुढचा माणूसही.

मी डिचोली तालुक्यातला. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि या कारखान्यात सहा महिन्यांनी वाढवता येईल अशा कच्च्या नेमणुकीवर लागलो. हुद्दा होता सस्टेनेबिलिटी एक्झिक्युटिव्ह. आईने शेजारी विचारणाऱ्यांना "काजूच्या कारखान्यात सायबाच्या हाताखाली" असं सांगितलं आणि ते हुद्द्यापेक्षा जास्त अचूक होतं.

परदेशातल्या खरेदीदाराने कळवलं होतं की यापुढे काजूगरांबरोबर कारखान्याच्या कार्बन उत्सर्जनाचा आकडाही पाठवा. तो आकडा काढायला मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी नवा शर्ट घालून, पेन आणि वही घेऊन बॉयलरघरात गेलो आणि म्हणालो, "मी तुमचं उत्सर्जन मोजायला आलोय."

"म्हणजे कितें?"

"धूर."

"माजो धूर? माका विडी सोडून धा वर्सां जाली."

मी बॉयलरकडे बोट दाखवलं. त्यांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाजूला झाले. "मोज मरे. पण धरतलो खंय?"

मला त्या वेळी सगळ्या व्याख्या पाठ होत्या. स्कोप एक, स्कोप दोन, स्कोप तीन. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. मामांना मी त्या म्हणून दाखवल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "हां, पण म्हणजे कितें?" मग मी अडखळत सांगायला लागलो की बॉयलरचा आणि जनरेटरचा धूर इथे निघतो, विजेचा धूर जिथे वीज तयार होते तिथे निघतो, आणि काजू आणणाऱ्या ट्रकचा धूर रस्त्यावर. ते म्हणाले, "मगे असां सांग. आमच्या चुलीतलो तो पयलो. आमच्यासाठी दुसऱ्यान पेटयल्लो तो दुसरो. आमच्याकडे येतत-जातत तेंचो तो तिसरो." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढे मुंबईला एका प्रशिक्षणात दोन दिवस बसलो. तिथे याहून वेगळं काही सांगितलं नाही, फक्त जेवण चांगलं होतं.

तेव्हापासून मी दुपारचा डबा बॉयलरघरात खाऊ लागलो. कार्यालयात जो शब्द कळला नाही तो तिथे न्यायचा, असा नेमच झाला. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, एकदा म्हणाले की आपण उत्सर्जन कमी करण्याऐवजी ऑफसेट घेऊ. मी मामांना समजावलं की आपण धूर सोडायचा आणि दुसरीकडे कोणीतरी झाडं लावून तो भरून काढायचा.

मामांनी भाकरी मोडता मोडता विचार केला. "म्हणजे सोमवारी मासळी मीयां खांवची, आणि शेजाऱ्याक सांगचां, तू माज्या वाटणेचो सोमवार पाळ."

"साधारण तसंच."

"आणि तो पाळता काय नाय तां कोण बघता?"

"त्यासाठी तपासणारा तिसरा माणूस असतो."

"तो जेवता खंय?"

मी खरं ते सांगितलं. "शेजाऱ्याकडेच."

"मगे जालां," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

तुलनेसाठी कुठलं वर्ष धरायचं यावरही असंच झालं. साहेबांनी मूळ वर्ष म्हणून असं वर्ष निवडलं होतं की ज्यात जनरेटर सर्वांत जास्त चालला होता, म्हणजे पुढचं प्रत्येक वर्ष त्यापुढे कमी दिसेल. मामांनी एवढंच म्हटलं, "बाजारात बांगड्यांच्या बाजूक बारके पेडवे मांडतत. बांगडो मोठो दिसता." मी मूळ वर्ष बदलायची विनंती केली. साहेबांनी ती ऐकली नाही, पण मला निदान काय मागायचं ते कळलं होतं.

आमच्या कारखान्याचं मोठं भांडवल म्हणजे टरफल. काजू फोडला की टरफल उरतं आणि तेच बॉयलरमध्ये जातं. झाडाने हवेतून घेतलेलाच कार्बन परत हवेत जातो म्हणून तो वेगळा दाखवायचा, मुख्य आकड्यात धरायचा नाही, असा नियम आहे. हे मामांना सांगायची गरज पडली नाही. "काजीन घेतल्लां, काजीन दिलां," ते म्हणाले. बॉयलरघरात रोजचा छापील तक्ता होता: तारीख, पाळी, टरफलाच्या पाट्या, वाफेचा दाब, सही. वर्षभराच्या पाट्या मी जोडल्या, पाटीच्या वजनाने गुणल्या आणि सगळं टरफलच निघालं. मुख्य आकड्यात जनरेटरचं डिझेल सोडून जवळजवळ काहीच राहिलं नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी 'शून्य धुराचा कारखाना' असा फलक करून घेतला. तो टांगायला उंच जागा हवी होती म्हणून चिमणीच्या खाली टांगला.

अहवालाचा मसुदा मी अभिमानाने मामांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "आणि कोळसो?"

"कुठला कोळसा?"

त्यांनी मला बॉयलरघराच्या मागे नेलं. तिथे निळ्या ताडपत्रीखाली एक ढीग होता. आठ महिने मी रोज त्या ढिगाशेजारी स्कूटर लावत होतो.

"पावसात टरफल भिजता," माम म्हणाले. "भिजल्लां पेटत नाय. मगे मुरगाव बंदरासून कोळशाचो ट्रक येता."

"मग तक्त्यात का नाही?"

"तक्त्यात रकानो एकच. पाटी ती पाटी."

तक्ता फार जुना होता, नुसतं टरफल जाळायचे तेव्हाचा. कोळसा आला तेव्हा कोणी नवा तक्ता छापला नाही, आणि मामांनी कोळशाच्या पाट्या इमानाने एकुलत्या एका रकान्यात लिहिल्या. खरेदीच्या बिलांवरही कोळसा पुरवणाऱ्या ठेकेदाराने नुसतं 'बॉयलरचं इंधन' लिहिलं होतं. जमिनीत पुरून राहिलेला कार्बन आम्ही काजूच्या नावावर वर सोडत होतो आणि त्यावर मामांची रोजची सही होती.

त्यांची नोकरी संपायला दोन महिने होते. आणखी दोन वर्षं कामावर ठेवावं असा त्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. घरी बसायची त्यांना भीती वाटत असे, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही मेमो नव्हता. मी म्हणालो, "माम, राहू दे. पुढच्या वर्षापासून नीट लिहू. यावर तुमची सही आहे."

"म्हणूनच आज खोडूया," ते म्हणाले. "मीयां गेलंय की ह्यां अक्षर कोणाक कळतलां?"

खोडायचं कसं हेही त्यांनीच दाखवलं. कोळशाची आच जास्त, त्यामुळे ज्या दिवशी कोळसा जळला त्या दिवशी पाट्या निम्म्यावर आलेल्या दिसत. तीन दुपारी आम्ही जुने तक्ते पसरून बसलो. ते प्रत्येक पानावर बोट फिरवत आणि म्हणत, "हो कोळसो... ह्यां टरफल... हो कोळसो, त्या दिसा माजो पाय भाजल्लो." मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या. आकडा फलकाच्या लायकीचा उरला नाही.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. लाल खुणा बघून त्यांनी विचारलं, "हा तक्ता भरला कोणी?"

"मीयां," माम म्हणाले.

हा तक्ता आठ महिने तपासला कोणी, असं साहेबांनी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी थांबलो होतो. नंतर मी नुसताच थांबलो. लाल पेन्सिल माझ्या खिशात होती.

मामांना मेमो मिळाला. मुदतवाढीचा अर्ज 'विचार करता येत नाही' या शेऱ्यासह परत आला. त्यानंतर खरेदीदाराचा तपासनीस आला, तक्ते बघून म्हणाला की स्वतःची चूक स्वतः शोधणारा कारखाना त्याला क्वचित भेटतो, आणि साहेबांनी माझ्याकडे हात केला. मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. त्यात माझ्या अचूकतेचं कौतुक होतं.

निरोपाच्या दिवशी मामांना शाल आणि नारळ दिला. फाटकाशी मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. बस आली तेव्हा ते म्हणाले, "तुजां पक्कां जालां न्हय? बरां जालां." त्यात टोमणा शोधत मी बरेच दिवस घालवले. टोमणा नव्हता.

चार महिन्यांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

ती. पुंडलिकमाम यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोरजीला कासवांच्या घरट्यांभोवती कुंपण घालायच्या कामाला जाता असं कळलं. पायाला जपा.

तक्ता नवा छापला आहे. कोळशाला वेगळा रकाना आहे. टरफलासाठी पत्र्याची शेड मंजूर झाली आहे, म्हणजे पुढच्या पावसात ट्रक कमी येतील. नवा माणूस बरा आहे, पण विचारल्याशिवाय काही सांगत नाही.

मला दुसरंच सांगायचं आहे. साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही एकटे बोललात. तक्ता आठ महिने मी तपासत होतो, ढीग रोज बघत होतो, आणि तुम्ही सांगेपर्यंत मला काही दिसलं नव्हतं. चूक शोधली तुम्ही, कौतुक मला झालं, मेमो तुम्हाला. हे सगळं मी परवा साहेबांना लेखी दिलं आणि तुमचा मेमो मागे घ्यावा अशी विनंती केली. त्याची प्रत सोबत आहे. मराठीत लिहिली आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येईल.

साहेब म्हणाले, आकडा तर बरोबर झालाय, आता याचा काय उपयोग? मी म्हणालो, आकडा बरोबर आहे, त्याच्याखाली सही एकाचीच आहे. ते "बघू" म्हणाले. ते बघतील की नाही, आणि माझ्या नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. तुमची मुदतवाढ तर आता परत येत नाही. हे मी त्याच दिवशी, तुमच्या शेजारी उभा असताना बोलायला हवं होतं.

येत्या रविवारी घरी येतो. ओरडायचं असेल तर तेव्हा ओरडा.

तुमचा,
सुदेश