कळमजाईला वाचून दाखवलेली कादंबरी

माझी कादंबरी चौथ्यांदा परत आली त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला नाही. पोस्टमन ओळखीचा आणि थट्टेखोर. गठ्ठा ओट्यावर ठेवत म्हणाला, "मावशी, तुमची लेक परत माहेरी आली बघा. हिला पुण्याचं सासर काय मानवत न्हाई." एरवी मी हसून त्याला चहा द्यायची. त्या दिवशी नुसतं "ठेव तिकडं" म्हणाले आणि आत गेले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचायची गोडी लागली ती किराणा बांधून आलेल्या कागदांवर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या चुलीपाशी भाकरी थापायच्या आणि मी त्यांना ते कागद वाचून दाखवायची. जरा थांबले की त्या विचारायच्या, "मंग?" कागद तिथंच फाटलेला असला की पुढचं मला माझ्या मनानं रचून सांगावं लागायचं. लिहिणं मी तिथं शिकले, असं आता वाटतं. पुढं बालवाडीत मदतनीस म्हणून लागले, जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठी मिळायला लागल्या, आणि डिंभ्याच्या धरणात गेलेल्या आमच्या गावाची गोष्ट मी त्यांवर लिहून काढली. सहा वर्षं लागली. कळमजाईला, म्हणजे आमच्या गावदेवीला, नवस बोलले आणि दोन हजार सालाच्या आगेमागे पहिल्यांदा गठ्ठा पुण्याला धाडला.

एका प्रकाशकानं कळवलं, भाषा शुद्ध करून घ्या. दोघांनी नुसता छापील नकार पाठवला. चौथ्यानं मात्र स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. सगळं खरं वाटतं, शेवट तेवढा खरा वाटत नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू. गाव माझं बुडालं, आणि पुण्यात बसून हा माणूस मला खरं-खोटं शिकवणार. मग तो राग देवीवर गेला. चार वेळा मागितलं, चार वेळा नाही. वर्षातले दहा महिने जी स्वतःच पाण्याखाली बसते, तिला माझं ऐकू तरी काय जाणार, असंही मनात आलं. आता लिहायला लाज वाटते, पण आलं ते आलं.

आमच्याकडं जीर्ण झालेली पोथी चुलीत घालत नाहीत, रद्दीतही देत नाहीत. पाण्यात सोडतात. ठरवलं, हिलाही तसंच सोडायचं, आणि सोडायचं ते आपल्याच गावावर.

वैशाखात धरणाचं पाणी खाली जातं आणि कळमजाईचं देऊळ चिखलातून वर येतं. धरणाच्या वर वसलेल्या आमच्या वाडीतली गुरवीण ठकूबाई दरवर्षी तेव्हा खाली उतरते, देऊळ धुते, देवीला शेंदूर लावते. मी गठ्ठा खताच्या रिकाम्या गोणीत घातला आणि तिच्याबरोबर निघाले. वाटेत तिनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती जागच्या जागी थांबली.

"नवं भात आलं की पयलं कुणाला दावती?"

"देवीला."

"गाय व्याली की पयला चीक?"

"देवीलाच की."

"आन हे येवढं सहा वर्सांचं पीक तू उचललं ते पयलं पुण्याला? तिला वाचून तरी दावलं का?" ती पुढं चालायला लागली आणि चालता चालता म्हणाली, "नवस बोलायला बरी आठवली तुला ती. आदी वाच तिच्यापुढं. मंग बुडव न्हाईतर पेटव."

अशी चूक आमच्यातल्या लहान पोरानंही केली नसती, आणि मी केली होती.

भर दुपार होती. देवळाच्या भिंतींवर पाण्याच्या रेघा होत्या, एकीखाली एक, दर महिन्याला पाणी कसं उतरलं ते दाखवणाऱ्या. आत मासळीचा आणि ओल्या मातीचा वास. देवीच्या डोळ्यांवर शिंपले धरले होते. ठकूबाईनं ते नखानं हळूच काढले आणि कळशी उचलली. धरणाचं गढूळ पाणी देवीला चालत नाही, वरच्या झऱ्याचं आणावं लागतं, आणि वैशाखात तो इतका बारीक की एक कळशी भरायला तीन-चार तास जातात. "तू कर सुरू," म्हणाली आणि गेली. बाहेर एक पाखरू बोलत नव्हतं. वाळणारा चिखल तेवढा तडकत होता. देवळाच्या दारातून आमच्या घराचं जोतं दिसत होतं, त्याच्या उंबऱ्यासकट.

मी देवीकडं तोंड करून वाचायला लागले. पहिला परिच्छेद संपला, मी श्वास घेतला, आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मंग?"

मला वाटलं ठकूबाई काहीतरी विसरली म्हणून परतली असेल. आमच्याकडं गोष्ट ऐकताना सगळेच असं म्हणतात. मला बरंच वाटलं, मी पुढं वाचलं. थांबले की "मंग?" यायचं. आवाज हळू, पण अगदी जवळून, कुणी दाराशी टेकून बसावं तसा. दर वेळी गार ओलसर वारा मानेवरून जायचा. अशा उन्हात गार वारा कुठून, हे तेव्हा मनातच आलं नाही. मी वाचतच राहिले. आपलं लिहिलेलं कुणालातरी पुढं ऐकायचंय, हे सुख मला किती वर्षांत मिळालं नव्हतं.

मग शेवटचं प्रकरण आलं. गाव सोडायच्या दिवशी कादंबरीतली म्हातारी सासू देवीचा टाक डोक्यावर घेते आणि हसत हसत सगळ्यांच्या पुढं चालायला लागते. मी वाचलं आणि थांबले. मागून काही आलं नाही. पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. काही नाही. चिखलसुद्धा तडकायचा थांबल्यासारखा वाटला. मी वळून पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. मी दाराशी आले. ठकूबाई लांब वर, डोक्यावर कळशी घेऊन उतार उतरत होती. देवळाच्या उंबऱ्यापुढच्या ओल्या चिखलात पावलं होती ती तीनच रांगांची. आम्ही दोघी आत आलेल्या, आणि ती एकटी बाहेर गेलेली.

मी तिथंच खाली बसले, कारण खरं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. आत्याबाई हसत निघाल्या नव्हत्या. त्या उंबरा धरून बसल्या होत्या. कुणाच्या सांगण्यानं उठत नव्हत्या. शेवटी मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "आत्याबाई, पानी वसरलं की मी आणते तुमास्नी परत. माझा शब्द हाय." माझ्या शब्दावर त्या उठल्या. वर, आम्हाला राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडात, रोज सकाळी विचारायच्या, "मंग? कधी जायचं?" मी म्हणायची, जाऊ की. धरणाचं पहिलं पाणी उतरायच्या आत त्या गेल्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कागदालाही नाही.

ठकूबाईला मी काय घडलं ते सांगितलं. तिनं कळशी उतरवली, देवीला पाणी घातलं आणि म्हणाली, "बुडवायचं न्हाई ना आता? मंग घे ती गोणी, माझा पाय आडकतोय."

त्या पावसाळ्यात मी शेवट पुन्हा लिहिला. रडत लिहिला, पण जसा घडला तसा लिहिला. या खेपेला आधी पुण्याला नाही धाडला. पुढच्या वैशाखापर्यंत पिवळ्या फडक्यात बांधून ठेवला आणि पाणी उतरल्यावर खाली नेला. ठकूबाई झऱ्यावर गेली. मी वाचलं. सुरुवातीपासून मागं नुसती शांतता होती. शेवटचं प्रकरण आलं, उंबरा आला, मी दिलेला शब्द आला, शेडातल्या सकाळी आल्या. शेवटचं वाक्य वाचून मी कागद मिटले. पुढं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

"मंग?"

या वेळी मी वळले नाही. देवीकडंच बघत म्हणाले, "मंग काय आत्याबाई, पानी वसरलंय. आले मी तुमास्नी घेऊन. त्यो बघा आपला उंबरा."

मानेवरून गार वारा गेला, बाहेरच्या बाजूला. मग उन्हाची झळ आत आली आणि कुठंतरी टिटवी ओरडली.

कादंबरी त्यानंतर पुण्याला गेली आणि पाचव्यांदाही परत आली. पोस्टमननं सवयीनं लेकीचा विषय काढला, मी म्हणाले, "माहेर हाय तिचं, येईना का," आणि त्याला चहा दिला. छापली जाईल की नाही, ते मी आता कळमजाईवर सोडलं आहे. मी इतकी वर्षं तिच्याकडं होकार मागत होते आणि तिनं माझ्याकडून खरं तेवढं काढून घेतलं. तो आवाज कुणाचा, देवीचा की आत्याबाईंचा, हे मी ठकूबाईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तुला काय करायचंय? ऐकणारं भेटलं ना?"

दर वैशाखात मी अजून खाली उतरते. आता वाडीतल्या बायकाही येतात, भाकरी बांधून आणतात, माझ्या चुका काढतात. वाचून झालं की त्या उठून घाटीच्या चढाला लागतात. मी मात्र फडकं बांधायच्या आधी थोडी थांबते, कुणाला अजून काही विचारायचं असलं तर.