एक सबस्क्रायबर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षाला असताना ब्लॉग सुरू केला, तेव्हा घरी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते, हेही मला नीट माहीत नव्हतं.

वडील सालदार आहेत. एका शेतमालकाकडे वर्षभर बांधून काम. ते साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि पुढे ठेवायचं की नाही ते मालक त्याच दिवशी सांगतात. मालकांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. लोणखेड्याच्या कॉलेजला आम्ही एकाच बसने जातो. कॉलेजात मराठीत बोलतो, परतीच्या बसमध्ये अहिराणीत.

ब्लॉगला फीड लावायला तिनेच शिकवलं. लॅबमध्ये खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"ही लिंक तुझ्या पानावर टाक. ज्याला हवं तो आपल्या मोबाईलमधल्या रीडर ॲपमध्ये जोडतो. मग तू लिहिलं की त्याच्याकडे आपोआप जातं."

"कोणी जोडलं ते मला कळतं?"

"आकडा कळतो. नाव नाही."

मला ते बरं वाटलं नाही. हिला माझ्या ब्लॉगची एवढी काळजी कशाला, असंही मनात आलं. तरी लिंक टाकली आणि ती चालते का हे बघायला माझ्या मोबाईलवर जोडूनही पाहिली. दुसऱ्या दिवशी आकडा दिसला, एक. तो एक म्हणजे मीच, असं धरून मी चालले. म्हणूनच मोकळेपणाने लिहीत गेले.

मार्चमध्ये मी लिहिलं, की मालकांच्या घरात माझ्या वडिलांना सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या वयाची मुलगीसुद्धा. त्यांचे केस पिकलेत आणि तिला त्यांनी खांद्यावर बसवून शेतात नेलंय, तरी पुढे आबा नाही, नाना नाही.

मग एकदा मोबाईलमध्ये जागा करताना तो रीडर काढून टाकला. फीडचं खातं उघडलं तर आकडा तरीही एकच. माझं कधी मोजलंच गेलं नव्हतं. आणि ब्लॉगचं ठाऊक असलेली दुसरी फक्त मालकांची मुलगी होती.

मी ती मार्चमधली पोस्ट लगेच काढून टाकली. लॅबच्या सरांना, मैत्रिणीचं म्हणून, विचारलं. ते म्हणाले, "ब्लॉगवरून जाते. ज्याच्या रीडरमध्ये पोचली, त्याच्याकडे राहते."

त्यानंतर बसमध्ये ती मोबाईल काढायची आणि मी तिचं बोट कुठे थांबतं ते बघायचे. तिने घरी दाखवलं, तर आखाजीला वडिलांना निरोप मिळणार. आणि तो कशामुळे मिळाला, हे फक्त मला माहीत असणार.

आखाजीच्या चार दिवस आधी वडील संध्याकाळी जेवायला बसले, पण भाकरी मोडेनात.

"मालकनी पोर आज माले नाना म्हननी," ते आईला म्हणाले. "नाना, गायले चारा टाकी दिधा का, आशी."

"मंग?"

"मंग काय. औंदा माले काढतस का काय?"

आईनेही हात थांबवला. "मोठा लोके गोड बोलीसनच निरोप देतस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस यायच्या आधी, थांब्यावर, मी मालकांच्या मुलीला सरळ विचारलं, "ती पोस्ट तुन्हाकडे शे ना?"

"शे."

"घरमा कोनले दखाडी?"

"कोनले दखाडू? मन्हा बाप मोबाईलमा फक्त बाजारभाव देखस." मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "वाचं आनी लाज वाटनी. म्हनीसन नाना म्हननू."

माझ्याकडे पोस्ट उरली नव्हती. वडिलांना खरं सांगायचं तर ती हवी होती. तिनेच आपल्या रीडरमधून मला पाठवली. त्या संध्याकाळी मी वडिलांना ती वाचून दाखवली, एकेक वाक्य अहिराणीत करून. खांद्याच्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली.

"मालकले ठाऊक नही ना?"

"नही."

"तिले सांग," ते म्हणाले, "आखाजी व्हई जाऊ दे. मंग म्हन म्हना नाना. तवलोंग नावच बरं."

मी सांगितलं. तिने ऐकलं.

आखाजीला साल ठरलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी वडिलांची भाकर घेऊन मालकांच्या गोठ्यात गेले होते. मागच्या दारातून तिची हाक आली, "नाना."

वडिलांनी लगेच ओ दिली नाही. मालक ओट्यावर आहेत का, ते आधी पाहिलं.