चिठ्ठीखालचा अंगठा

मैत्रिणी असले अनुभव फॉरवर्ड करतात तेव्हा मी न वाचताच डिलीट करते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजल्यासारखं होतंय. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा अमरावतीत एका शाळेत संगीत शिकवायचे. ते गेल्यावर महिन्याभरानं आईनं त्यांचं व्हायोलिन काढलं. आत चिठ्ठी चिकटवलेली — मेड इन जर्मनी. पुण्याच्या एक बाई घ्यायला तयार होत्या, पण खरंच जर्मन असेल तरच.

"तुले वाजवता येते का? मंग कोणासाठी ठेवतं?" आई म्हणाली.

त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं... रडूही आलं नव्हतं.

ते तपासून घ्यायला बसनं अकोल्याला गेले. गफूरचाचांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. कॉलेजात असताना बाबांनी हे व्हायोलिन चाचांच्या वडिलांकडून घेतलं होतं. दुकानात हार्मोनियमचा ढीग, वर धूळ.

"भजनवाले ठेवून गेले. तीन साल कापूस बुडून राहिला, पेटी न्याले कोन येते?" चाचा म्हणाले.

पातळ सुरी फिरवून त्यांनी वरची फळी सोडवली. "कधीच उघडला नाही हा. जोडाचा सरस पहिलाच हाय." मग आत टकटक केलं. "जर्मनीचा नाही, बेटा. चिठ्ठ्या तर तवा बाजारात भेटत."

ओल्या फडक्यानं त्यांनी चिठ्ठी अलगद काढली. खाली वाळलेल्या सरसात एक अंगठा उमटला होता.

"घे. बनवनाऱ्याची सही."

मी वाकून पाहिलं. ठशावर तिरपी रेघ, टोकाला दोन फाटे.

मी पाचवीत होते. वरूडहून आलेली संत्र्याची पेटी उघडताना बाबांचा अंगठा पत्र्यानं कापला होता. तिथं अशीच तिरपी, दोन फाट्यांची खूण राहिली. हॉस्पिटलात त्यांना सही करता येईना, तेव्हा शाई लावून त्यांचा अंगठा फॉर्मवर मीच दाबला होता. त्या फॉर्मची झेरॉक्स बॅगेतल्या फाईलमध्ये होती. ती मी शेजारी धरली.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुह्या बापानं बनवला?"

"त्यांना खिळासुद्धा ठोकता यायचा नाही."

"आन चिठ्ठी तर माह्या अब्बाच्या टायमाची..." त्यांनी फडकं पुन्हा उचललं. मग म्हणाले, "बंद कराच्या आधी मी आतून साफ करत असतो. पुसू?"

"नको."

महिन्याभरात मी स्वतःहून ठरवलेली ती पहिली गोष्ट. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. चाचांनी ठसा तसाच ठेवला, वर फळी बसवली.

दोन माणसांची खूण सारखी असू शकते, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. फाट्यांसकट? पटत नाही. दुसरं काही सुचतही नाही.

व्हायोलिन घरीच आहे. पुण्याच्या बाईंना मी मेसेज केला — मेकर सापडला नाही. ते खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येत नाही.